सुटीच्या दिवसाचा वास

आधी तिला फक्त अक्षर दिसलं. टेबलावर मिठाच्या बरणीखाली कागद वाळत ठेवला होता आणि त्यावरचं अक्षर असं की बघत राहावं. नवरा तीस वर्षं शाळेत चित्रकला आणि सुलेखन शिकवायचा. निवृत्त झाला तरी कुणाचं मानपत्र, कुणाचं प्रशस्तिपत्रक, असलं काहीबाही लोक त्याच्याकडून लिहून न्यायचे. ती सकाळपाळी करून नुकतीच घरात शिरली होती, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती, न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता, आणि ती उभ्याउभ्या त्या अक्षरांच्या गोलाया न्याहाळत होती. काय हात आहे या माणसाचा, असं तिच्या मनात आलंसुद्धा. मग ती मजकूर वाचायला लागली. आम्ही खाली सही करणारे रहिवासी, इथपर्यंत ठीक होतं. पुढे, दुसऱ्या मजल्यावरील मुसलमान भाडेकरू कुटुंबाच्या घरातून मांस शिजवल्याचा व परक्या मसाल्यांचा उग्र वास वारंवार येत असून, वगैरे. आणि शेवटी, महिनाअखेर संपणारा त्यांचा करार मालकांनी वाढवू नये, ही नम्र विनंती. 'नम्र'मधला म्र तर इतका देखणा काढला होता की बोट फिरवावं. खाली पुरावा म्हणून तारखा होत्या. गेल्या महिन्याच्या दोन, दहा, अठरा, सव्वीस. या महिन्याच्या तीन, अकरा, एकोणीस, सत्तावीस. आणि पाच सह्या. इमारतीत घरं सहा, त्यातलं सहावं म्हणजे तिच्या दारासमोरचं, त्या भाडेकरूंचं. पाचवी सही नवऱ्याची होती. तिनं सही एकदा बघितली आणि तारखा दोनदा वाचल्या, कारण त्या तारखा तिच्या ओळखीच्या होत्या.

जगाचा आठवडा सात दिवसांचा, तिचा आठ. शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं होती, आणि पाणी काही रविवारी वाहायचं थांबत नाही, म्हणून तिथे सात दिवस काम आणि आठवा सुटीचा, असा फेरा. या वेळी मंगळवारी सुटी तर पुढची बुधवारी, मग गुरुवारी. नातेवाइकांनी विचारणंच सोडून दिलं होतं. 'तुझी सुटी कधी ते तुझं तूच जाण बाई,' असं मोठी जाऊ म्हणायची. त्यात तिचं काम पाण्याचा वास घेण्याचं. उपकरणं सगळं सांगतात, पण पाण्याला मातकट वास येतोय की शेवाळी, हे अजूनही माणसाचं नाकच सांगतं. म्हणून कामाच्या दिवशी कांदा नाही, लसूण नाही, अत्तर नाही, बिनवासाच्या साबणानं आंघोळ. सात दिवस दवाखान्यातल्यासारखं जेवायचं आणि आठव्या दिवशी सकाळी सगळं उट्टं काढायचं. जाड बुडाच्या पातेल्यात ढीगभर कांदा मंद आचेवर तासभर परतायचा, पार काळपट तांबूस होईपर्यंत. मग लसूण, धने, मिरी, भाजलेली मिरची, आणि रात्रभर भिजवलेला घेवडा, असा तो रस्सा. सकाळच्या या सोहळ्याचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत अंगातून उतरून जायचा. गेली बावीस वर्षं आठ-आठ दिवसांनी हा वास तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन घरांमधल्या अरुंद, उभ्या डक्टमध्ये उतरत होता आणि समोरच्यांचीही खिडकी त्याच डक्टमध्ये उघडत होती. मांस? मांसाचा तर त्यात हल्ली तुकडासुद्धा नसायचा.

नवरा टॉवेलनं कान पुसत बाहेर आला. कागद तिच्या हातात बघून थबकला.

"हे काय आहे?"

"अगं, सोसायटीच्या चिटणीसांनी लिहून मागितलं. मजकूर त्यांचा, तारखा वरच्या बाईंच्या. त्या वहीत टिपून ठेवतात. मी आपलं नुसतं अक्षर दिलं."

"आणि सही?"

"सगळ्यांनीच केली. या मजल्यावरची एक तरी हवी, म्हणजे वजन येतं म्हणाले."

"काल काय जेवलात तुम्ही?"

"काल? रस्सा. का?"

"काल तारीख काय होती?"

त्यानं कागदाकडे बघितलं. शाळेत एखादं पोर चुकीचं उत्तर देताना मधेच अडखळायचं, तसा त्याचा चेहरा झाला. मग तो म्हणाला, "योगायोग असेल."

"आठ वेळा?"

"अगं, पण तुझा वास असा उग्र कुठे असतो?" तो म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता, हे तिला दिसत होतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. दोन-दोन वाट्या ओरपून, वर पावानं पातेलं पुसून खाणारा हा माणूस त्याच हातानं त्याच वासाची तक्रार लिहून बसला होता आणि त्याच्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो मात्र समजुतीच्या सुरात बोलत राहिला. उद्या रविवारी पाच वाजता मीटिंग आहे, होऊन जाऊ दे, तू मधे पडू नकोस, आपल्याला इथेच राहायचंय, म्हातारपणी पाणी बंद पडलं, लिफ्ट बंद पडली, तर हेच लोक उपयोगी पडणार आहेत. त्यातलं काही खोटं नव्हतं. तिनं कागद पुन्हा बरणीखाली ठेवला आणि हातपाय धुवायला गेली, आणि नळाखाली हात धरून उभी राहिली ती बराच वेळ.

तिची आई चांगली बाई होती. हे ती सगळ्यांना सांगायची आणि ते खरंच होतं. दारावर आलेला माणूस आईनं कधी उपाशी पाठवला नाही. लहानपणी त्यांच्याकडे बटणं आणि लेस विकायला एक मुसलमान बाई यायची, पाय दुखायचे म्हणून पायरीवर बसायची, आणि आई तिला न विसरता चहा द्यायची. तो एका कानतुटक्या कपातून. तो कप पिठाच्या डब्याच्या मागे असायचा, इतर कपांत नाही. एकदा आई अंघोळीला गेली होती आणि हिनं, आठ वर्षांच्या पोरीनं, मोठ्या ऐटीत फुलाफुलांच्या चांगल्या कपातून त्या बाईला चहा दिला. बाई कपाकडे बघून हसली, बोलली काही नाही. आई आली, तीही काही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाई गेल्यावर आईनं तो फुलांचा कप धुतला, पुसला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला. त्या दिवसापासून तिथे दोन कप झाले. आणि पोरगी मूग गिळून बसली, कारण आई चांगली होती, आणि चांगल्या माणसाला काय विचारायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. ते अजून तरी कुठे माहीत होतं? न्हाणीघराबाहेर नवरा गुणगुणत होता. तोही चांगलाच माणूस होता. कुणाचं वाईट चिंतलं नाही, कुणाचा रुपया बुडवला नाही, आजारपणात तिचे पाय चेपले. चांगुलपणाचा आणि या कागदाचा काही संबंधच नसावा, तसा तो कागद तिथे वाळत होता.

समोरचे लोक आले त्याला तीन वर्षं झाली. बाई घरी शिवणकाम करायची, नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आणि दात पडलेली म्हातारी सासू. ते आले तो दिवस नेमका तिच्या सुटीचा होता. मुलगी नोकरीसाठी दूर निघून गेली होती, पण हिचा हात अजून तिघांच्याच मापानं चालायचा, आणि रस्सा उरला होता. थोरपणा वगैरे काही नव्हता, उरलं म्हणून दिलं. तेव्हा त्यात हाडं असायची. शिवणवालीनं दारात उभं राहूनच, न लाजता सांगितलं होतं, "काकू, आमचं मांस आमच्या पद्धतीनं कापलेलं लागतं. बाकी सगळं चालतं, अगदी आवडीनं चालतं." हिला ते फार आवडलं, असं तोंडावर नीट सांगणं. पुढच्या सुटीपासून तिनं हाडंच घालायची बंद केली. दोन पातेली कोण करणार? नवरा चार खेपा कुरकुरला, हाडाशिवाय रस्सा म्हणजे नुसतं पाणी, म्हणाला, मग पाचव्या खेपेला तिसरी वाटी मागायला लागला. मग ते घरचंच होऊन गेलं. आठव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती झाकणाचं भांडं घेऊन चार पावलं चालायची, बेल वाजवायची, आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "नाकवाली आली का?" प्रयोगशाळेतलं हे नाव त्या घरात कसं पोचलं कोण जाणे. कधी शिवणवाली हिच्या ब्लाउजचा उसवलेला हात शिवून द्यायची, कधी नुसत्या गप्पा, कधी तेही नाही. गेल्या दोन महिन्यांत मात्र ती दार अर्धंच उघडायची, भांडं घ्यायची, घाईघाईनं आत जायची. हिनं ते बघितलं होतं आणि कामात असेल बिचारी म्हणून सोडून दिलं होतं. नाक एवढं तीक्ष्ण आणि डोळे? डोळ्यांचा पगार नव्हता मिळत, म्हणून झाकून ठेवले होते जणू.

रविवारी सकाळी प्रयोगशाळेत नेहमीसारखे नमुने मांडले होते. बाटली कोमट करायची, बूच लावून हलवायची, बूच काढून लगेच हुंगायचं, लिहायचं. तिघांनी वेगवेगळ्या टेबलांवर बसायचं, आणि मुख्य नियम असा की तिघांनीही लिहिल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. हा नियम तिला पहिल्याच वर्षी जुन्या साहेबांनी एका खोडीतून शिकवला होता. त्यांनी शुद्ध पाण्याची बाटली सगळ्यांपुढे फिरवली आणि स्वतः आधी हुंगून म्हणाले, अरेरे, मासळी. मग सगळ्यांना मासळी आली. तिलाही आली. अगदी घशापर्यंत आली, ओकारी यायची बाकी राहिली. मग साहेब हसून म्हणाले, "यात काही नाही. मी बोललो ते तुम्ही हुंगलंत." बावीस वर्षं ती ही गोष्ट नव्या मुलांना हसत हसत सांगत आली होती. आज बाटली नाकाशी धरून ती बसली तेव्हा तिला हसू आलं नाही. वरच्या बाईनं जिन्यात कधीतरी म्हटलं असेल, आले वाटतं त्यांचे वास, आणि मग पाच घरांना वास आला. पाचांत तिचंही घर होतं. तिलाही आला असता का? तिच्याच कांद्याचा वास दुसऱ्याच्या दारातून येतोय असं कुणी आधी सांगितलं असतं, तर तिनं नाक मुरडलं असतं का? बाटलीतल्या पाण्याला कसलाच वास नव्हता. तिनं 'काही नाही' असं लिहिलं आणि अक्षर वाकडंतिकडं आलं. छान आहे, तिला वाटलं. असंच राहू दे.

दोन वाजता सुटून ती घरी न जाता आधी समोरची बेल वाजवायला गेली. हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांनी त्या दारात उभं राहायची ही तिची पहिलीच वेळ होती. दार नेहमीसारखं अर्धं उघडलं. तिनं सरळ ढकललं आणि आत गेली. बाहेर लख्ख ऊन असताना सगळ्या खिडक्या बंद. मशिनीवर अर्धवट शिवलेली पडद्याची कापडं. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीत जुन्या चादरीच्या पट्ट्या कोंबलेल्या. शेगडीवर तिचंच भांडं होतं, परवाच्या रश्श्याचं. तळाशी चार-पाच चमचे उरले होते आणि बाजूला सासूबाईंसाठी पाव कुस्करून ठेवला होता.

"अजून आहे हे?" तिनं विचारलं.

"पुरवून खातो काकू." शिवणवालीनं पदराला हात पुसले. "घरी हल्ली नुसतं उकडलेलंच करते. भाजी उकडायची, भात उकडायचा. सासूबाईंना ते गिळत नाही. तुमचं आलं की चमचा-चमचा करून तीन दिवस पुरवते."

"कधीपासून?"

"चिटणीस येऊन सांगून गेले तेव्हापासून. वास येतो म्हणाले. दोन महिने झाले. कांदा घरात आणलाच नाही मी."

"मग वास कुठून येतो, हे तुला कळलं नाही?"

ती शेगडीवरच्या भांड्यावर झाकण ठेवायला वळली. बिछान्यावरून सासूबाईच म्हणाल्या, "कळायला काय तुझंच नाक लागतं? वास आला की आम्हाला कळायचं, आज आपल्याला जेवण मिळणार."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"काय सांगू?" शिवणवालीचा आवाज पहिल्यांदा चढला. "वास आमचा नाही, काकूंचा आहे, असं? तुम्ही आमच्या तोंडात घास घालायचा आणि मी तुमच्याकडे बोट दाखवायचं? आणि दाखवलं असतं तर कुणी ऐकलं असतं? उलट म्हणाले असते, बघा, आता शेजाऱ्यांवर ढकलतात. नाही काकू. घर गेलं तर गेलं. दुसरं बघतोय आम्ही. सात ठिकाणी विचारून झालं. नाव सांगितलं की घर आधीच दिलेलं असतं."

हिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला, आणि राग बरा वाटला. ती खिडकीशी गेली आणि फटीतल्या पट्ट्या एकेक करून उपसून काढल्या. शिवणवाली नको नको म्हणत होती. तिनं खिडकी सताड उघडली आणि म्हणाली, "पाच वाजता माझ्याबरोबर चल. मागे बसायचं नाही. माझ्या शेजारी बस."

मीटिंग चिटणीसांच्या घरी होती, पहिल्या मजल्यावर. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये काचेचं टेबल, त्यावर तो कागद. वरच्या बाई वही घेऊन आल्या होत्या. आणखी दोन घरचे होते, एकाला क्रिकेटची मॅच बघायला परत जायचं होतं. शिवणवालीला बघून सगळ्यांनी खुर्च्या थोड्या सरकवल्या, जागा करून द्यायला की अंतर ठेवायला, ते कळलं नाही. नवरा आपल्या अक्षरासमोर बसला होता आणि बायकोकडे बघायचं टाळत होता. चिटणीस म्हणाले, वैयक्तिक कुणाबद्दल काही नाही, आम्ही सगळ्यांना मानतो, पण शेवटी सगळ्यांच्या सोयीचा प्रश्न आहे. ते आणखीही बोलले असते.

"तारखा वाचा," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, सगळ्यांना माहीत आहेत."

"मला ऐकायच्यात. वाचा."

त्यानं चिटणीसांकडे बघितलं, मग कागदाकडे. "दोन," तो म्हणाला.

"माझी सुटी. तुम्ही दोन वाट्या रस्सा खाल्लात. पुढे."

"दहा."

"माझी सुटी. त्या दिवशी तुमच्या भावाला डबा दिला होता. पुढे."

अठरा, सव्वीस, तीन. तिनं प्रत्येक तारखेला उत्तर दिलं, कधी कोण जेवायला होतं, कधी मीठ जास्त पडलं होतं. अकरापाशी नवऱ्याचा आवाज बारीक झाला. एकोणीस त्यानं वाचलीच नाही. सत्तावीस तिनंच म्हटली. मग तिनं त्यांना डक्टचं सांगितलं, आणि हेही सांगितलं की समोरच्या घरात दोन महिने कांदा आलेला नाही, आणि या रश्श्यात तीन वर्षांत मांस पडलेलं नाही. मॅचवाल्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं.

मग चिटणीस हसले. सुटकेचं हसले. "अहो वहिनी, मग प्रश्नच मिटला की! गैरसमज झाला. तुमच्याच घरचा वास म्हटल्यावर तक्रार कसली? फाडून टाकू कागद, चहा घेऊ."

"खरंच बाई," वरच्या बाई म्हणाल्या, आणि वही पर्समध्ये सरकवली. "तुमच्या हाताला चवच आहे तशी. उलट भूक चाळवते."

हे त्यांना इतकं सोपं जाईल असं तिला वाटलं नव्हतं. ती भांडणाची तयारी करून आली होती आणि समोर सगळे प्रेमानं बघत होते. नवऱ्याचा चेहरासुद्धा खुलला होता. कागद फाटला असता, शिवणवालीला घर मिळालं असतं, सगळ्यांनी चहा घेतला असता आणि पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी निघालं असतं, पाणी सांडतं, मशिनीचा आवाज येतो, चपला बाहेर ठेवतात. चिटणीसांनी कागदाला हात घातला. तिनं कागदावर पंजा ठेवला.

"फाडायचा नाही," ती म्हणाली. "पाच जणांनी शुद्धीवर असताना सह्या केल्यात. उग्र वास आहे ना? आठ वेळा आलाय ना? मग घराचा नंबर तेवढा बदला. आमचा घाला. बाकी मजकूर तोच राहू दे, मांस, परके मसाले, सगळं. आणि महिनाअखेर घर खाली करायला सांगा आम्हाला. अहो, लिहा."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?"

"लिहा. किंवा सगळ्यांसमोर सांगा, की वास तोच असून काल उग्र होता आणि आज भूक चाळवतो, ते कशामुळे. दोन्हींतलं एक करा. कुठलंही करा. पण मुकाट्यानं चहा मी पिऊ देणार नाही."

वरच्या बाई काहीतरी पुटपुटल्या. चिटणीसांनी रुमाल काढला. नवरा पेन हातात धरून बसला होता, ना लिहीत होता, ना ठेवत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि तिला एकदम त्याची कीव आली, पण तिनं पंजा उचलला नाही. कीव घरी जाऊन करता आली असती. शेजारच्या खुर्चीत शिवणवाली आल्यापासून मान खाली घालून बसली होती, बोटानं साडीच्या काठाची शिवण चाचपत. ती उठली. जायला उठली असं सगळ्यांना वाटलं, आणि मॅचवाल्यांनी लगबगीनं पाय आत घेऊन वाट दिली.

ती गेली नाही. टेबलाशी आली. हिच्या नवऱ्यासमोर उभी राहिली.

"काका, तुमचं अक्षर छान आहे," ती म्हणाली. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "उद्याची तारीख घाला. उद्या सकाळी माझ्या घरात कांदा परतला जाईल. खिडकी उघडी ठेवून. वास माझाच असेल. लिहून घ्या."